चाळीसवर एक

दोन हजार तीन किंवा चार सालची दिवाळी असेल. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आता साठी ओलांडली, नातवंडं झाली, आणि दरवर्षी थोडं थोडं कमी कळायला लागलंय. त्यामुळे त्या अडतीस वर्षांच्या बाईची आठवण आली की मला हसू फुटतं. काय ती ठाम होती! कुठल्याही गोष्टीवर तिला मत विचारा, तयार. विचारू नका, तरी तयार.

आम्ही बदनापूरला राहायचो, स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर. शेती हसनाबादेला, ती हे जाऊन-येऊन बघायचे. मुलगी सातवीत होती आणि रोज रेल्वेनं जालन्याला शाळेत जायची. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून ती वह्या आणायची, पेनाच्या रिफिली आणायची, आणि त्या वर्षी तिथूनच तिनं पत्त्यांची पाकिटं आणायला सुरुवात केली.

मला वाटलं, आपले राजा-राणी-गुलाम. मी खूश झाले. परतूरला माहेरी असताना मेंढीकोटात माझ्यासमोर कुणी टिकत नसे, असा माझा समज होता. (माझे भाऊ मला मुद्दाम जिंकू द्यायचे, हे मला पुढे वहिनीनं सांगितलं. तोवर त्या समजावर मी बराच संसार केला होता.) पण हे पत्ते वेगळेच निघाले. प्रत्येकावर एक चित्र. पंख असलेला वाघ, दगडाचा राक्षस, बुरखा घातलेली चेटकीण. खाली बारीक इंग्रजीत त्याची ताकद आणि त्याची करामत लिहिलेली. पाकीट फोडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. मुली ते जमवायच्या, एकमेकींशी अदलाबदल करायच्या, आणि जमवलेल्यातून प्रत्येकजण स्वतःचा गठ्ठा बांधायची. खेळायला दोघी बसल्या की प्रत्येकीचा गठ्ठा तिच्यापुढे पालथा. पाळी आली की वरचा एक पत्ता उचलायचा आणि हातातल्यांपैकी एखादा लढायला पाठवायचा. प्रत्येकीला दहा गुण. जिचे संपले ती हरली.

आणि गठ्ठ्यात कमीत कमी चाळीस पत्ते हवेत, हा नियम.

माझ्या मुलीकडे सगळे मिळून शंभराच्या आसपास पत्ते होते, पण चकाकता एकच. ढगातून उडी घेणारा पांढरा घोडा. उन्हात तिरका धरला की त्याच्या आयाळीतून रंग पळायचे. वर्षभर पाकिटं फोडल्यावर तो एकदाच निघाला होता. वहीच्या प्लास्टिकच्या कव्हराचा तुकडा कापून तिनं त्याला खोळ शिवली होती, माझ्याच सुईनं. खेळताना मात्र ती खोळ काढायची, कारण पाठीमागून ओळखू आला तर ती लबाडी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्याकडून तर नक्कीच आलेलं नाही.

दिवाळीच्या आधी औरंगाबादहून माझ्या नणंदेच्या मुलीचा फोन आला. ती माझ्या मुलीपेक्षा वर्षानं मोठी, आणि तिच्याकडे दोन चकाकते पत्ते होते. भाऊबीजेला येतेय, सामना खेळू, हरणारीनं आपला चकाकता पत्ता जिंकणारीला द्यायचा, असं ठरलं. मुलीनं फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरातून विचारलं,

"तुझ्याकडं एकच हाय ना गं? कशाला लावलास?"

"मी न्हाई लावला तर ती पण न्हाई लावणार."

"आणि गेला म्हणजे?"

"गेला तर गेला," ती म्हणाली, पण हात खोळीवर होता.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात दोन कामं चालली. मी चकल्या करत होते आणि ती गठ्ठा बांधत होती. शंभरातून तिनं त्रेचाळीसपर्यंत आणले आणि तिथं गाडी अडली. फरशीवर पत्ते मांडून, गुडघ्यावर हनुवटी टेकवून ती बसून राहायची. हातात लोखंडी चिलखतवाला एक स्वार. तो स्वार आणि तो घोडा दोन्ही हाती आले की समोरचीचे गुण एकदम उतरायचे, तिचा सगळा खेळ त्या जोडीवर होता.

"आई, तीन काढायचेत. कोणते काढू, कळून न्हाई राह्यलं."

"काढायचे कशाला? राहू दे की."

"चाळीस पायजेत ना."

"चाळीसच पायजेत का कमीत कमी चाळीस?"

"कमीत कमी."

"मंग! गणितात पास व्हायला कमीत कमी पस्तीस लागतात, म्हणून तू पस्तीसच पाडतीस का?"

हे बोलून मी चकलीचा सोऱ्या असा काही दाबला की जणू खटला जिंकला. कमीत कमी हा शब्द मला लहानपणापासून आवडत नाही. कमीत कमी पाहुणे, कमीत कमी तेल, कमीत कमी माणुसकी. आमच्याकडे चार माणसं जेवायची असली तर मी सहांचं रांधते, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी मीच तोंड वाकडं करून खाते.

मुलगी उठली. माझ्या डब्यातून वाटीभर तूरडाळ आणली, सुपात भरपूर डाळ ओतली, आणि दोन्हींत एकेक खडा टाकून हातानं हलवलं.

"आता सांग, खडा कशात लवकर सापडंल?"

"मला दोन्हीत सापडतो. मी सूपभर डाळ पाच मिनिटांत निवडते."

"अगं आई, तू न्हाई! डोळे मिटून एकेक दाणा काढायचा म्हटलं तर?"

"डोळे मिटून कोण डाळ निवडतं?"

ती कपाळावर हात मारून हसली. मग शांतपणे म्हणाली, "हे मार्क न्हाईत, आई. घोडा एकच हाय. बाकीचे जितके वाढवीन तितका तो खाली दबंल. आणि हे तिघं वाईट न्हाईत, म्हणून तर काढवून न्हाई राह्यलं."

"दोन-तीन पत्त्यांनी असा किती फरक पडतो?"

"लई न्हाई पडत."

"मंग?"

"लई न्हाई पडत, पण मी तो मुद्दाम का पाडू?"

मी म्हटलं, "चकल्या मोडतील, बाजूला हो."

तिनं ते तिघं कसे काढले ते मी बघितलंय. दगडी राक्षस काढला, परत घातला, चेटकीण काढली, परत राक्षस. एकदा तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ठेवून एकटीच दोन्ही बाजूंनी खेळली आणि वहीच्या मागच्या पानावर घोडा कितव्या उचलीला आला ते लिहीत बसली. शेवटी तीन पत्ते निघाले. त्यांतला सगळ्यांत कमजोर म्हणजे एक बेडूक. तोंड फुगवून, पोटावर हात ठेवून बसलेला. तो दिसायला थेट आमच्या हसनाबादच्या चुलत सासऱ्यांसारखा होता, जेवण झाल्यावर ओसरीवर टेकलेले असावेत तसा. मला त्याचं वाईट वाटलं. लग्नाच्या यादीतून असल्या माणसाला वगळलं तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

भाऊबीजेच्या सकाळी मुलगी न्हाणीत होती. गठ्ठा देवळीत, रबर लावून ठेवलेला. तिनं आदल्या दिवशी तीनदा मोजला होता, चाळीस. मी तिथं फडकं मारायला गेले आणि त्या आकड्याशी थबकले.

आता बघा, आपल्याकडे कुणी कुणाच्या पाकिटात पन्नास घालतं का? एक्कावन्न. शंभर? एकशे एक. भरल्या आकड्यावर एक ठेवला की पुढं चालतं, नुसता गोल आकडा म्हणजे तिथंच संपलं. आणि माझी लेक आपली एकुलती चकाकती चीज पणाला लावून बसलेली, गोल चाळिसावर! मला ते बघवेना. मी बेडूक उचलला, रबर सरकवलं, गठ्ठ्याच्या मधोमध तो घातला आणि नमस्कार केला. हळदीकुंकू लावायचंही मनात होतं, पण पाठीवर डाग पडला तर पत्ता ओळखू येईल, एवढी अक्कल मला होती. तेवढीच होती.

दुपारी जेवणं झाली, ओवाळणं झालं. हे पान खायला चौकात गेले. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर दोघी समोरासमोर बसल्या. भाचीनं तिचा गठ्ठा काढला तर तो चांगला जाडजूड.

"किती गं हे?" मुलीनं विचारलं.

"पंचावन्न. मला सगळेच आवडतात."

मी नणंदेकडं विजयी मुद्रेनं बघितलं. नणंदेला कशातलं काहीच माहीत नव्हतं. ती अनारसा खात होती.

दोघींनी गठ्ठे पिसले. माझी मुलगी सुरुवातीला पुढं होती. तिचा खेळ नीटस, पत्ता टाकण्याआधी ती मनातल्या मनात पुटपुटायची. भाची मात्र धाडधाड टाकायची, आणि तिच्या त्या जाड गठ्ठ्यातून दर वेळी काहीतरी उपयोगाचं निघायचं. आठ-सहा झालं, पाच-पाच झालं, दोन-दोन झालं. मुलीच्या हातात लोखंडी स्वार येऊन बसलेला मला मागून दिसत होता. घोडा यायचा होता. समोर भाचीचा पंखवाला वाघ उभा, पुढच्या पाळीला तो झडप घालणार हे मलाही कळलं. आता घोडा आला तर सगळं मिळालं, नाही आला तर गेलं.

मुलीनं पत्ता उचलला. बघितला. परत बघितला. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मी ट्यूबलाइटकडं बघायला लागले. तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं. किती दिवसांचं होतं कोण जाणे.

"काय झालं? खेळ ना जल्दी," भाची म्हणाली.

तेव्हा ती बोलू शकली असती. हा पत्ता माझा नाही, आईनं घातलाय, परत पिसू या. भाची मोठ्या मनाची होती, कदाचित ऐकलंही असतं. मी मनातून म्हणत होते, बोल, मला शिव्या घाल, पण बोल.

"काही न्हाई," ती म्हणाली. आणि बेडूक खाली ठेवला.

वाघानं बेडूक एका झडपेत गिळला, आणि बेडकाबरोबर उरलेले दोन गुणही गेले. भाची टाळ्या वाजवत उठली. मुलीनं सवयीनं गठ्ठ्यावरचा पुढचा पत्ता उलटून बघितला. घोडा होता. बेडकाच्या अगदी खाली, त्याला चिकटून.

तिनं तो उचलला, फ्रॉकच्या खिशातून खोळ काढली, घोडा तिच्यात सरकवला आणि भाचीच्या हातात दिला. "खोळीतच ठेव," म्हणाली, "बोटांचे डाग पडतात."

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत पळाले. ती मागोमाग आली.

"तू टाकल्ता का?"

"हो."

"का?"

अडतीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई होता होता एकीवर थांबलेली, आख्ख्या गल्लीला सल्ले देणारी, गॅसपाशी उभी राहून म्हणाली, "गोल आकडा होता ना गं. शुभ कामाला एक वर ठेवावा लागतो."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, ते आहेराला असतंय."

"तू बोलली का न्हाईस मंग? मी सांगितलं असतं तिला."

"गठ्ठा माझा होता. खेळायच्या आधी मी मोजायला पायजे होतं." एवढं ती अगदी मोठ्या माणसासारखं बोलली, आणि मग गव्हाच्या कोठीला तोंड लावून रडली. आवाज न करता. पाठ हलत होती फक्त. मी हात ठेवायला गेले तर तिनं खांदा काढून घेतला. चहा उतू गेला.

आता कुणीही शहाणी बाई इथं थांबली असती. पण ती बाई थांबणारी नव्हती, तिला भरपाई करायची होती. संध्याकाळी मी नणंदेला मागच्या अंगणात गाठलं आणि सगळं सांगितलं. बेडूक, चुलत सासरे, एक्कावन्न. नणंद एवढी हसली की तिला धुण्याच्या दगडावर बसावं लागलं.

"वहिनी, तुम्ही पत्त्यांना पण आहेर केला! आणि आमच्या काकांना पाठवलं लढायला!"

"वन्सं, हसू नका. पोरगी कोठीला तोंड लावून रडलीय. काहीतरी करा."

"बिलकुल काळजी करू नका. मी बघते."

मला वाटलं, झालं. कुणाला काही कळणार नाही, पत्ता गुपचूप परत येईल. रात्री मी निवांत झोपले. मुलगी कुशीवर वळून भिंतीकडं तोंड करून पडली होती, पण उद्या हसेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरला त्यांना पोचवायला आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. फराळाचे डबे मी पिशवीतून आणले होते, ते नणंदेच्या बॅगेत भरले. गाडीचा भोंगा ऐकू आला तशी नणंदेनं भाचीला कोपरानं ढोसलं. भाची लांब चेहरा करून पुढं आली आणि खोळ माझ्या मुलीच्या हातात कोंबली.

"घे. मम्मी म्हणती परत दे. मामीनं पत्ता घुसवल्ता म्हणे."

मुलीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं नणंदेकडं बघितलं नाही, भाचीकडंही नाही. माझ्याकडं बघितलं. काल बेडूक उचलल्यावर बघितलं होतं त्याहून वाईट बघितलं. आणि नजर चुकवायला स्टेशनवर ट्यूबलाइटही लागलेली नव्हती.

गाडी येऊन थांबली. नणंद सामान घेऊन चढली, भाचीही चढली आणि खिडकीत बसली. मुलगी फलाटावर तशीच उभी. तिनं खोळ उन्हात तिरकी धरली. आयाळीतून रंग पळाले. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग ती खिडकीपाशी गेली.

"एकेचाळीस पत्ते चालतात ना गं?"

"चालतात की," भाची म्हणाली. "माझे तर पंचावन्न होते."

"मंग तू बराबर जिंकली." आणि तिनं गजांमधून खोळ आत दिली.

"अगं, ठेव ना तुला, तिच्याकडं दोन हायेत अजून," नणंद आतून ओरडली. भाचीनं तोवर खोळ दोन्ही हातांत घट्ट धरली होती, आणि तिचा तो लांब झालेला चेहरा पुन्हा गोल झाला होता. तिलाही बिचारीला जिंकलेलं आवडलं होतंच की. आदल्या संध्याकाळी मी तिचा विचारच केला नव्हता. गाडी हलली. "मे महिन्यात ये, परत खेळू!" भाची खिडकीतून हात हलवत ओरडली. माझ्या मुलीनं हात हलवला.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी काही बोलले नाही, हा माझ्या मते मोठा संयम होता. मग म्हटलं, "आलेला परत दिलास?"

"हरल्ते मी."

"पण माझ्यामुळं हरलीस ना. म्हणून तर मी त्यांना..."

"आई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू एकदा घुसली, मी हरले. मंग परत घुसली. आता औरंगाबादेत ती सगळ्यांना सांगंल, हिच्या आईनं रडून पत्ता परत घेतला. मी तो घरी नेऊन बघू कसा?"

आम्ही फलाटावरून खाली उतरलो. रस्त्याला दिवाळीच्या फटाक्यांचे कागद पडले होते. मी दहा वाक्यं तयार केली आणि गिळली. नवीन पाकिटं आणू, म्हणणार होते. मे महिन्यात तुझ्या गठ्ठ्याला बोटसुद्धा लावणार नाही, म्हणणार होते. तेवढ्यात मनात हेही आलं की पुढच्या वेळी गठ्ठा मीच कुलपात ठेवला तर. हे सगळं त्या बाईनं स्वतःशीच ठेवलं, ही तिच्या आयुष्यातली एक बरी गोष्ट म्हणून मी इथं नोंदवून ठेवते.

शेवटी मी एवढंच विचारलं, "मंग तू खेळशील तेव्हा मी काय करायचं?"

"बघायचं."

"नुसतं?"

"नुसतं," ती म्हणाली, आणि माझ्या हातातल्या पिशवीचा एक बंद धरला. पिशवीत काही नव्हतं, डबे सगळे गाडीत गेले होते. तरी दोघींनी एकेक बंद धरून ती घरापर्यंत आणली.